सगळे लेख माझेच

१४ मार्च, रविवार

प्रिय ठमाबाई,

अनेक आशीर्वाद. पत्राची सुरुवात तब्येतीने करायची ही आईची शिस्त, म्हणून आधी तेच. मी ठणठणीत आहे. खोकला गेला, केस जायच्या मार्गावर आहेत, भूक मात्र पूर्वीसारखीच राक्षसाची. हे पत्र नर्सबाईंच्या हातून येतंय. त्यांना सरहद्दीपलीकडे ये-जा करायचा परवाना आहे आणि त्यांची औषधांची पेटी सहसा कुणी उघडत नाही. त्यांच्यासमोरच वाच आणि लगेच जाळून टाक. आईच्या नावावर डाकेने दुसरं पत्र येईल, त्याबद्दल शेवटी सांगतो.

लाँड्रीतलं काम चालू आहे. सध्या मी चादरींच्या रुळावर असतो. दोघांनी ओली चादर दोन्ही टोकांना ताणून धरायची आणि तापलेल्या रुळांमध्ये सोडायची, पलीकडून ती कोरडी, कडक होऊन येते. बोटं वेळेवर मागे घेतली नाहीत तर त्यांनाही इस्त्री होते. मालकीणबाई प्रत्येक घडीचा कोपरा कोपऱ्याला लावून बघतात, म्हणून आम्ही सगळे त्यांना सासूबाई म्हणतो, अर्थात पाठीमागे. परवा त्यांनी विचारलं, इथे यायच्या आधी काय करायचास? म्हटलं, लिहायचो. म्हणाल्या, तरीच हात इतका मंद.

खोलीत प्राध्यापक आहेतच. घोरतात ते घोरतात आणि सकाळी उठून मलाच विचारतात, झोप झाली ना नीट? सुट्टीच्या दिवशी आमचं हद्दपारांचं मंडळ त्यांच्या खाटेवर जमतं. चहा पीत पीत आम्ही स्वतंत्र देशाचं मंत्रिमंडळ कितीदा बनवलं आणि कितीदा मोडलं, त्याला गणती नाही. अर्थखात्यावरून दोन वकिलांचं बोलणं बंद आहे. मला शिक्षणखातं दिलंय. आईला सांगू नकोस, ती गल्लीभर सांगत सुटेल.

बरं, आता इकडचं तिकडचं पुरे. मी टाळतोय हे तुझ्याही लक्षात आलंच असेल.

छापखानेवाल्या काकांनी आपल्या चोरून छापायच्या पत्रकाचे काही अंक पाठवले. इतकी वर्षं मी लेख पाठवतोय, तू ते स्वच्छ उतरवून काकांना देतेस, पण छापलेला अंक माझ्या हातात कधी पडला नव्हता. अधाशासारखा उघडला. पहिल्या पानावर ठसठशीत माझं नाव, खाली लेख, आणि त्या लेखातली एक ओळ माझी असेल तर शपथ.

माझा पारा असा चढला म्हणतेस! प्राध्यापकांना म्हटलं, माझ्या नावावर कुणीतरी दुकान थाटलंय. ते म्हणाले, आधी वाच तरी. मी कसला वाचतोय. शेवटी अंकांच्या घडीत माझाच एक जुना लेख सापडला. काका विसराळू, त्यांच्याकडून चुकून आला असणार. मी लिहिलं होतं की कापडबाजारातल्या सगळ्या दुकानदारांनी सोमवारी फळ्या लावून दुकानं बंद ठेवावीत. त्यावर तुझ्या पेन्सिलीने उभी काट, आणि कडेला काकांसाठी दोन ओळी: 'बाजार पाडला आणि तिथे आता त्यांचे ट्रक उभे असतात, हे दादाला कळवू नका. वाईट वाटेल त्याला.'

ठमे, मला फार वाईट वाटलं. मी ज्या गावाला ऊठ म्हणून सांगत होतो ते गाव माझ्या डोक्यातच उरलं होतं, आणि तू ते निमूटपणे खोडून खरं गाव लिहीत बसलीस. दिवसभर शिवणकारखान्यात त्यांच्याच शिपायांच्या बाह्या शिवायच्या आणि घरी येऊन हे. मला एका शब्दाने बोलली नाहीस.

मग तुझा लेख वाचला. तोच, पाण्याच्या रांगेवरचा. त्यांचे शिपाई आपल्या भाषेतला एकच शब्द शिकलेत, झडतीला उभं करताना ओरडायचा, 'चला', आणि आता आई शाळेच्या वेळेला पोराला 'चला' म्हणाली की पोर भिंतीला तोंड करून हात वर करतं. हा शब्द आपल्याला परत घ्यायचा आहे, असं तू लिहिलंयस. मी वाचून उठलो आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. तसं मला आयुष्यात लिहिता आलेलं नाही. हे मी खोटं बोलत नाही, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

आणि इतकं सगळं वाचूनही मी सही करायला गेलो. हो. आईचा निरोप आला होता ना तुझ्याच पत्रात, 'डोळे आहेत तोवर तोंड दाखव.' तिला आता दारातलं माणूस ओळखू येत नाही, हेही तू लिहिलंस. त्याच आठवड्यात त्यांच्या वकिलातीतून बोलावणं आलं की माफीच्या कागदावर सही केली तर घरी जाता येईल. मी विचार केला, लिहिणारी तिथे आहे, माझ्यापेक्षा चांगली आहे, मग मी इथे परक्यांच्या चादरी ताणत कशाला बसू? आईजवळ बसेन, तिला पेपर वाचून दाखवेन. दाढी केली, सदऱ्याला स्वतः इस्त्री केली आणि गेलो.

अधिकारी सभ्य होता. खुर्ची दिली, चहा दिला, आपली भाषा पुस्तकातल्यासारखी बोलत होता. पेन पुढे केलं आणि हसून म्हणाला, "तुमचे लेख मी नेमाने वाचतो. तो 'चला'वाला फार झोंबला आमच्या लोकांना."

मी पेन घेतलं, टोपण काढलं.

"तुम्ही घरी जाऊन स्वस्थ बसलात की ते बंद होतीलच. आणि नाही झाले, तर लिहिणारा तिथलाच कुणीतरी आहे एवढं आम्हाला कळेल. मग शोधायला वेळ लागत नाही."

पेन माझ्या हातातच होतं, ठमे. लिहिणारा मी आहे असं त्यांना वाटतंय तोवर ते गावात कुणाला शोधत नाहीत. मी त्यांच्या हाताला लागत नाही म्हणून तू वाचली आहेस. मी आपल्या दारातून आत येऊन आईपुढे बसलो की पुढचा अंक निघेल, आणि तुझ्या दारावर थाप पडेल. पेन टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "लेख माझेच आहेत, आणि अजून पुष्कळ यायचे आहेत." चहा तसाच राहिला.

तेव्हा आता माझं ऐक. तू लिहीत राहा. नाव माझंच घाल, नेहमीसारखं, ठसठशीत. मी इथे जमेल त्या सभेला जाईन, जमेल तिथे दिसेन, त्यांचे लोक माझ्या मागावर राहतील अशी व्यवस्था करेन. एवढं मला नक्की जमेल. 'दादा, तू ये, माझं मी बघेन' असं लिहिण्याच्या भानगडीत पडू नकोस. तुझं काय व्हायचं ते मला कळतं, आणि मी ते होऊ देणार नाही. देश सुटेपर्यंत मी येत नाही.

आईला यातलं काही सांगायचं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, आणि तुझं कौतुक तर मुळीच राहणार नाही. ती मला दगड म्हणेल, म्हणू दे.

तिचं पत्र डाकेवाले उघडून वाचणार आहेत, ते मी त्यांच्यासाठीही लिहिलंय. आणि तिचे डोळे असे, म्हणजे वाचून दाखवायचं तुझ्यावरच येणार. कठीण आहे, माहीत आहे. पण एक शब्द गाळायचा नाही आणि एक शब्द बदलायचा नाही. दारं पातळ आहेत, शेजारी कोण ऐकतं सांगता येत नाही.

तू माझ्या पुढे गेलीस, याचा मला फार फार आनंद आहे.

तुझा,
दादा

*

१५ मार्च, सोमवार

तीर्थस्वरूप आईस,

साष्टांग नमस्कार. माझी तब्येत उत्तम आहे, काळजी नसावी.

तुझा निरोप मिळाला. मी येणार नाही. माफी मागावी असं मी काही केलेलं नाही, आणि ज्यांनी आपल्या घरात घुसून आपल्यालाच भिंतीशी उभं केलंय त्यांच्यापुढे मान घालून तुझ्या दारात यायची माझी इच्छा नाही. तुला हे कठोर वाटेल. वाटू दे.

माझे लेख तिकडे पोचतात असं ऐकतो. पाण्याच्या रांगेवरचा लेख मी इथे एका बैठकीत लिहिला. आल्यागेल्याकडून सगळं कळतं मला. पुढचेही मीच लिहीन, आणि आणखी तिखट लिहीन. ज्या कुणाला थांबवायचं असेल त्याने माझ्याकडे यावं, माझा पत्ता त्यांच्याकडे आहे.

डोळ्यांचं ऑपरेशन करून घे, भिऊ नकोस. तोंड दाखव म्हणतेस, पण ते आता बघण्यासारखं राहिलेलं नाही. टक्कल पडत चाललंय, चष्मा लागलाय. तुझ्या लक्षात आहे तेच बरं आहे.

ठमीला सांग, तिने शिवणकामात लक्ष घालावं. अक्षरांशी तिचं पहिल्यापासून वाकडं, तो तिचा प्रांत नव्हे. हे पत्र वाचून दाखवताना ती मध्येच अडखळली, थांबली, तर तिच्यावर ओरडू नकोस. तिला वेळ दे, पाणी दे, आणि मग पुढे वाचायला सांग.

माझी वाट बघू नकोस, आई. जेवून घेत जा.

तुझा मुलगा,
आणि त्या सगळ्या लेखांचा एकटा लेखक