मागच्या सीटवरचं पाणी

४ जून

चि. सौ. धाकटीस,
ताईचे अ. उ. आ., आणि घरातल्या सगळ्यांना वाटून उरतील इतके.

पोचले बाई एकदाची. पण अंग अजून गाडीतच आहे. काल खुर्चीत बसले तर खुर्चीच वळण घेतेय असं वाटलं आणि मी पटकन टेबलाची कड धरली. खालची इस्त्रीवाली किल्ली परत द्यायला वर आली होती. म्हणाली, आजी, तुमचा रंग उजळला हो. उन्हात भाजून कुणाचा रंग उजळतो का? पण ऐकायला बरं वाटलं, म्हणून तिला दोन बिस्किटं जास्त दिली.

किती बघितलं म्हणून सांगू. एके ठिकाणी रस्ता सरळ नदीत गेला. मला वाटलं, लेक रस्ता चुकला आणि लाजेनं सांगत नाहीये. तेवढ्यात एक भलीमोठी सपाट नाव आली आणि आमची गाडी अख्खीच्या अख्खी तिच्यावर चढली. आम्ही गाडीत बसलेलो आणि गाडी नावेत बसलेली. मी खिडकीतून हात बाहेर काढून नदीला टाटा केला. नात मला खाली ओढत होती, लोक बघतायत म्हणून. बघू देत की. मग समुद्रावरचा उंच दिवा बघितला, वर नाही चढले, पण खालच्या पायरीवर बसून वर जाणाऱ्या-येणाऱ्यांची धाप मोजली. डोंगरावर ढग गाडीत आले. खरंच आले, काच उघडी होती.

आपली नात, अगं ती काडीसारखी आहे म्हणून मी तिला पेन्सिल म्हणते, ती सारखी माझ्या मागे. म्हणते, आजी घोरते. म्हणे नावेचं इंजिन बंद झालं तरी आवाज येतच होता. मी जन्मात घोरले नाही. तुला माहीत आहे, आपण दोघी एका गादीवर झोपलो लग्न होईपर्यंत. तू सांग तिला.

लेकाची गाडी नवी, सीट अगदी फिक्या रंगाची. गाडीत खायचं नाही, पाय झटकून बसायचं. दिवसभर लोकांच्या दातांच्या कवळ्या घासून घासून त्याला सगळंच चकचकीत लागतं. आणि शेवटच्या दिवशी काय झालं ऐक. आमच्या सूनबाईनं त्या सीटवर पाण्याची अख्खी बाटली ओतली. माझ्या मांडीवर, स्वतःच्या मांडीवर, सगळीकडे तळं. काचेच्या कारखान्यात पॅकिंगला असते ना ती, इतक्या वर्षांत एक पेला फुटलेला नाही म्हणून काय तो तोरा. आणि गाडीत बाटली धरता येईना. लेक असा तापला. माझा डोळा लागला होता, मी दचकून उठले आणि म्हटलं, बाई, हात आहेत की चाळणी. पेन्सिल खो खो हसली. तूही हस.

बाकी माझी तब्येत ठणठणीत. पत्र वाचून दाखवशील तेव्हा नदीचा भाग सावकाश वाच, तू घाई करतेस. आहे तेवढी माया राहू दे.

तुझी ताई


१३ जून

ती. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. नेहमीसारखं जेवणानंतर सगळ्यांना वाचून दाखवलं, नदीचा भाग दोनदा. तू घोरत नाहीस असं मी पेन्सिलला सांगावं म्हणतेस. ताई, मी लग्नाला लवकर हो का म्हटलं, त्याचं कारण तुला अजून कळलेलं दिसत नाही.

पण खरी मजा चाळणीच्या भागाला आली. आमच्या ह्यांना तर उचकी लागली. रविवारी तुझा लेक, सूनबाई आणि पेन्सिल आमच्याकडे जेवायला होते. आमच्या पोरांनी आधीच बेत केला होता. सगळ्यांना पेले ठेवले आणि सूनबाईपुढे लहान मुलांचा तो झाकणाचा कप ठेवला, चोखायची चोच असते ना, तो. वर म्हणाले, वहिनी, सीट नाही पण सतरंजी आमचीही नवी आहे. सगळं घर हसलं. तुझा लेकही हसला. म्हणाला, कारखान्यात हिला काचेला हात कसा लावू देतात कोण जाणे.

सूनबाईनंही हसून घेतलं हो. रागावली नाही. त्याच कपातून पाणी प्याली, मग स्वतःच तो धुतला, पुसला आणि फळीवर उलटा ठेवला. मग आम्ही फळं कापली. आता इथे तिचं नावच पडलंय, चाळणी वहिनी.

तुझा गुडघा कसा आहे ते लिहिलं नाहीस. तुझ्या पत्राची वाट घरातली भिंतसुद्धा बघते, तेव्हा लिहीत राहा.

तुझीच धाकटी


१५ जून

ती. आईंना,
सूनबाईचा सा. न.

तुमची प्रवासातली चादर आमच्या सामानात राहिली होती. धुऊन, इस्त्री करून सोबत पाठवते आहे. तुमचे त्या दिवशीचे कपडेही त्यातच घडीत ठेवले आहेत. सीट उन्हात वाळली, आता काही दिसत नाही.

पुढच्या वेळी निघालो की गाडी मध्ये मध्ये थांबवायला मीच सांगत जाईन. मला फार वेळ बसवत नाही. तुम्हाला त्याचा त्रास वाटू नये म्हणून आधीच कळवते.

पेन्सिल तुमची आठवण काढते. प्रकृतीला जपा, आशीर्वाद असू द्या.

तुमची सूनबाई


२० जून

चि. सौ. धाकटीस,
ताईचे अ. उ. आ.

हे पत्र आधी तू एकटीनं वाचू नकोस. माझ्या लेकाला, सुनेला, पेन्सिलला परत जेवायला बोलाव. तुझी सगळी पोरं बसव, ह्यावेळी उचकी लागणाऱ्यांनाही. मग चष्मा लाव आणि मोठ्यानं वाच. मधलं काही गाळू नकोस. गाळलंस तर मला कळेल, तू गाळतेस तेव्हा खोकतेस.

तुझं पत्र आलं तेव्हा मी भाजी निवडत होते. झाकणाच्या कपापर्यंत आले आणि पुढचं वाचवेना. चादरीचं पार्सल दुसऱ्या दिवशी आलं. उघडलं तर कपड्यांच्या घड्या अशा, जणू काचेचं सामान आहे, मध्ये मध्ये कागद घातलेले. मी ते टेबलावर तसंच ठेवलं आणि दिवसभर त्याच्याकडे पाठ करून बसले. इस्त्रीवालीनं खालून हाक मारली, आजी, बाकावर येता का गप्पा मारायला. म्हटलं, गुडघा दुखतोय. गुडघा दुखत नाही, धाकटे. तू विचारलंस म्हणून सांगते, गुडघा उत्तम आहे. तोंड दाखववत नव्हतं.

तर आता खरं काय ते ऐका.

त्या दिवशी घरी परतायचं होतं आणि लेकाला उजेडात पोचायचं होतं. माझ्यासाठी दोनदा गाडी थांबवून झाली होती. दुसऱ्यांदा तो थट्टेनं म्हणाला, आई, तुझ्यासाठी गाडीला नळच बसवून घेतो. थट्टाच ती, त्याच्या मनात काही नव्हतं. पण माझ्या मनाला लागली. म्हणून तिसऱ्यांदा मी बोलले नाही. खिडकीबाहेरची झाडं बघत बसले, गाणं म्हटलं मनात, पाय एकावर एक घेतले. पेट्रोल पंप आला, गेला. मला वाटलं, येईलच पुढचा. पुढचा आला नाही, आणि माझा धीर गेला.

सीट आधीच ओली होती. माझ्यामुळे. पाणी नंतरचं आहे.

मी काय केलं, तर डोळे मिटून घेतले. झोपेत झालं असं समजतील म्हणून. माझ्या शेजारी सूनबाई होती. तिचा हात माझ्या बाजूला सीटवर टेकला आणि तिथेच थांबला. मला पापणीच्या फटीतून सगळं दिसत होतं. तिनं पुढे लेकाकडे बघितलं, पेन्सिलकडे बघितलं, पेन्सिल कानात गाणी घालून बसली होती. मग तिनं बाटलीचं झाकण काढलं, अगदी हळू, आणि माझ्या मांडीवर, स्वतःच्या मांडीवर, सीटवर, सगळं पाणी नीट पसरून ओतलं. कुठे कोरडं राहिलं का ते हातानं चाचपून बघितलं. आणि मग ओरडली, अगंबाई, सांडलं.

लेकानं गाडी कडेला घेतली आणि तिला नाही नाही ते बोलला. ती खाली मान घालून ऐकत होती. मी तेव्हा तरी बोलायचं. नाही बोलले. उलट डोळे चोळत उठले आणि माझ्याच तोंडून निघालं, हात आहेत की चाळणी. पेन्सिल हसली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्या पंपावर तीच मला आत घेऊन गेली, दाराला पाठ लावून उभी राहिली, मला कोरडे कपडे घातले. वाकून मोजेसुद्धा तिनंच बदलले. मी तिला म्हटलं काय, तर बघ, सगळं ओलं केलंस.

आणि घरी येऊन ते तुला लिहिलं. हसायला म्हणून. मला वाटलं, सगळे तिच्यावर हसले की माझं कुणाला कधी कळायचं नाही. चौथीनंतर शाळा सुटली माझी, लिहिता येतं ते एवढंच, आणि ते मी ह्या कामाला लावलं.

तेव्हा चाळणी तिचे हात नाहीत. त्या हातांनी माझी अब्रू धरून ठेवली आणि एक थेंब गळू दिला नाही. तो कप मला पाठवून दे. इथे फळीवर ठेवते, रोज दिसू दे.

सूनबाई, तू तिथे बसून ऐकत असशील. मला वाटतं, तुला ठाऊकही नसेल की मी जागी होते. होते. माफी मागायला शब्द शोधले, पण माझ्या चौथीच्या पुस्तकात नव्हते. तुझ्या नखाची सर मला नाही.

आता ह्यापुढे माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

ताई


२९ जून

ती. आईंना,
सूनबाईचा शि. सा. न.

पत्र रविवारी मावशींनी वाचलं. सगळे बसले होते. 'सीट आधीच ओली होती' इथे आल्या आणि थांबल्या. चष्मा पुसायला लागल्या. मग ह्यांनी त्यांच्या हातातून पत्र घेतलं आणि उरलेलं सगळं स्वतः मोठ्यानं वाचलं. स्वतःच्या बोलण्याचा भागही वाचला. गाळलं काही नाही, खोकले मात्र फार.

वाचून झाल्यावर उठून खाली गेले. आम्हाला वाटलं, गाडी घेऊन निघून गेले. पेन्सिल बघून आली. तर मागच्या सीटवर बसले होते, तुमच्या जागेवर. वर आले तेव्हा सगळ्यांदेखत मला म्हणाले, "चुकलो मी. नळाचं बोललो नसतो तर आईनं सांगितलं असतं." आई, एवढं ते मला लग्नापासून कधी म्हणाले नव्हते.

कप पाठवत नाही. मावशींनी तो फळीवरून काढला, पाणी भरलं आणि पोरांसमोर स्वतः त्यातून प्यायल्या. निम्मं हनुवटीवर सांडलं. म्हणाल्या, आता ह्या घरात चाळणी मी. मग हळूच मला बाजूला घेऊन त्यांनीही एक गोष्ट सांगितली, ती त्यांची त्याच लिहितील तर बरं.

मला तुमच्याकडून माफी नको. त्या दिवशी 'चाळणी' म्हणालात तेव्हा लागलं, नाही म्हणत नाही. कप पुढे आला तेव्हा तर फारच. वाटलं, आईंना एकदा तरी लिहावं. पण मग आठवलं, पंपावर तुम्ही माझ्या खांद्याला किती घट्ट धरलं होतं ते.

एक मात्र तुमचं चुकलं, तेवढं दुरुस्त करा. तुम्ही जाग्या होतात हे मला ठाऊक नसेल असं लिहिलंत. मला पहिल्यापासून ठाऊक होतं. आई, तुम्ही झोपलात की घोरता. त्या दिवशी गाडीत अगदी शांत होतं.

तुमची सूनबाई


३ जुलै

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद, ह्यावेळी सगळे तुझ्या एकटीला.

मी घोरत नाही. बाकीचं तू लिहिलंस ते सगळं खरं आहे.

आज इस्त्रीवालीच्या बाकावर जाऊन बसले. तिला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, तिच्या गिऱ्हाइकांत निम्म्या बायकांचं असंच आहे, त्या चादरी आणतात तेव्हा खाली बघून आणतात. आम्ही दोघी मग बराच वेळ रस्त्यावरच्या बायकांकडे बघून तर्क करत बसलो. हसून हसून पोट दुखलं. तिनं एका डॉक्टरीणबाईचं नाव सांगितलंय, सोमवारी जाते.

पुढचा प्रवास कधी ते कळव. लेकाला म्हणावं, ती नदी परत दाखव. तुझ्या शेजारची जागा माझी. आणि गाडी थांबवायला तू सांगू नकोस. मी सांगेन, मोठ्यानं.

तुझी आई