विरोधात तू एकटीच

येना, जर्मनी, नोव्हेंबर २०१७

प्रिय आईस,
लेकीचा प्रेमाचा जयभीम.

मी बरी आहे, जाड कोट घेतला. बाबांचा खोकला थांबला का?

विपुलदादाकडून ग्रामपंचायतीचा निकाल कळला. तू सदस्य म्हणून निवडून आलीस! सरपंच यंदा थेट लोकांनी निवडला, तोही जुन्याच सत्ताधारी पॅनेलचा. बाकीचे सदस्यही त्यांचेच. आता ते तुला म्हणतात, "आमच्यात या, कामं पटापट होतील."

लॅबमधल्या रेनाटेबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे, पूर्व जर्मनीत, चाळीस वर्षं सगळं एकाच पक्षाचं होतं. सभेत 'विरोधात कोण?' विचारलं की वडील गप्प बसायचे. त्या दिवशी घरी जेवायचे नाहीत."

आई, तू तिकडे जाऊ नकोस. आपल्या वस्तीच्या नळाचं विचारत राहा.

फक्त सभेनंतर एकटी निघू नकोस. दादाला बोलाव.

तुझीच,
धम्मदीपा