चित्र आत, पांढरं बाहेर

अण्णा,

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. आज मी ती मोडते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि परवा रविवारी इथे परदेशात, यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, तुम्ही पुन्हा बोललात. तोंड माझ्या मुलाचं, तुमच्या नातवाचं होतं, एवढंच.

जूनच्या सुट्टीत घरचे स्वित्झर्लंडला निघालेत. टूरवाल्याची गुळगुळीत पुस्तकं टेबलभर पसरलेली, आणि काय बघायचंच, काय सोडायचं यावरून नवराबायकोची जुंपलेली. सुनेला ऱ्हाईनचा धबधबा हवा, मुलाला बर्फातून वर चढणारी यूंगफ्राऊची आगगाडी, नातीला नुसतं चॉकलेट. पोळीला तूप लावता लावता मी म्हटलं, "आणि ल्युसर्नचा लाकडी पूल. वर छप्पर आहे बघ, शेजारी पाण्यातच बुरूज. तो सोडू नका." सगळे माझ्याकडे बघायला लागले. "तुला गं काय माहीत?" मुलगा हसला. "पण आई, तू इथेच थांब. थंडी, त्यात तुझे गुडघे. आणि पूल बघून तू काय करणार?"

बघून तू काय करणार. शब्द न् शब्द तुमचा.

तुम्ही विसरला असाल, मी नाही. कुठल्याशा औषध कंपनीचं कॅलेंडर होतं आपल्याकडे, पानापानावर स्वित्झर्लंड. वर्ष सरलं की त्याची पानं पुस्तकांच्या कव्हरांसाठी. शाळा उघडायच्या आधी तुम्ही पट्टी आणि खळीची वाटी घेऊन बसता, मी आणि भाऊ समोर मांडी घालून. नियम तुमचा: चित्र आत, पांढरं बाहेर, म्हणजे नाव घालता येतं. सातवीच्या भूगोलाला मी पुलाचं पान लावते, चित्र बाहेर. तुम्ही ते सगळ्यांदेखत टराटरा फाडता. "चित्रं बघून तू काय करणार? चुलीवर टांगणार?" भाऊ फिदीफिदी हसतो. पुढच्या वर्षी माझ्या पुस्तकांना कव्हरच लागलं नाही, कारण पुस्तकंच नव्हती. भाऊ तालुक्याच्या शाळेत, मी चुलीपाशी. संध्याकाळी ओसरीवर तुम्ही पोरांना भूगोल शिकवायचात. तुमचा आवाज यावा म्हणून मी भाकरी हळूच थापायची. ल्युसर्न मी तसंच उचललं. ते तुमच्या ध्यानात आलं, आणि तुम्ही उठून स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलंत. मारलं असतंत तर विसरले असते. ते दार नाही विसरत.

इंग्रजी मी इथे येऊन शिकले, एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या पाट्यांवरून. "जुरोंग ईस्ट" पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं तेव्हा शेजारच्या चिनी आजीनं टाळी वाजवली. परकी बाई, माझी भाषाही तिला येत नव्हती. तुम्हाला येत होती. तुमची टाळी कधी ऐकली नाही.

तर परवा मी मुलाला म्हटलं, "बघून काय करणार? बघणार. आणि गुडघे दुखले तर माझे दुखतील, तुझे नाही." सून वाटीतलं वरण ढवळत बसली. नात मात्र टेबलावर हात आपटून तिच्या इथल्या इंग्रजीत ओरडली, "आज्जी मस्ट गो, लाह! पप्पा, यू सो मीन!" काल ऑफिसातून येताना तो माझं नाव टूरमध्ये घालून आला. दारातूनच म्हणाला, "आई, लोकरीचे मोजे घेऊ या तुला." माझा मुलगा एका दिवसात वरमला, अण्णा. तुम्हाला अख्खा जन्म पुरला नाही.

टूरवाल्यानं एक पोस्टर दिलंय, त्यावर तोच पूल. मधे जळाला होता म्हणे, पुन्हा बांधलाय. त्याच्या कोऱ्या पाठीवर हे लिहिते आहे. लिहून झालं की माझ्या डिक्शनरीला याचं कव्हर घालणार. पूल बाहेर, तुम्ही आत. नाव घालायला जागा उरणार नाही, न उरो.

फक्त एक. लिहायला घ्यायच्या आधीच कव्हराचे कोपरे दुमडून बघितले माझ्या मनानं, दोनदा. चुरगळले. मग घातली तुमच्यासारखी घडी, नखानं दाबून. बसली चपखल.