घर हललं तेव्हा

वाल्पाराइसो

प्रिय आईस, मिरलांदचा नमस्कार.

आम्ही सुखरूप आहोत, हे आधी वाच. परवा इथं चिलीत मोठा भूकंप झाला. आपलं हैतीतलं घर बाबांच्या अंगावर कोसळलं, तेव्हापासूनची माझी भीती तुला ठाऊकच आहे. बाळाला छातीशी धरून मी जिना उतरले आणि रस्त्यावर बसून राहिले. एरवी माझ्याशी न बोलणाऱ्या शेजारच्या एलियानाबाई शाल घेऊन आल्या. म्हणाल्या, "पोरी, इथली घरं हलतात, पण पडत नाहीत. चल, चहा घे."

खरंच, घराला तडासुद्धा गेला नाही.

तुझ्या जावयांचं, वोल्नींचं, काम सुटलंय, पण मिळेल दुसरं. तुझा गुडघा कसा आहे?

काल पुन्हा जमीन हलली. मी कपडे वाळत घालत होते, ते तशीच घालत राहिले.

तुझीच,
मिरलांद