घसरफळीच्या प्रेसला हार

डेन्व्हर, खंडेनवमी

ती. नानांना,

आसावरीचा नमस्कार. आईलाही सांगा. आम्ही सगळे बरे आहोत. थंडी सुरू झाली, पण घरात जाणवत नाही.

कंपनीचं छान चाललंय. तुम्ही ज्यांना घसरफळ्या म्हणता, ते आमचे बर्फावरून घसरायचे स्नोबोर्ड आता तीनशे दुकानांत मिळतात. पहिल्या वर्षी मी आणि तुमच्या जावयांनी गॅरेजमध्ये चाळीसच केले होते. लाकडाच्या पट्ट्या चिकटवून प्रेसमध्ये दाबायच्या, आणि तुम्ही फोनवर ओरडायचात, "सरस धरेपर्यंत उघडू नकोस गं!"

आता बोर्ड दुसऱ्या देशातल्या कारखान्यात बनतात. इथे नुसतं ऑफिस. माझे हात स्वच्छ असतात, आईला बरं वाटेल. तो जुना प्रेस रिसेप्शनमध्ये मांडलाय. समोर पाटी आहे, 'हात लावू नये'. ती मीच लावली.

आज लवकर जाऊन त्याला झेंडूचा हार घातला. कुंकू लावणार, तेवढ्यात रिसेप्शनवरची मुलगी आली. "वॉव, हॅलोविनचं डेकोरेशन?"

मी हो म्हटलं आणि कुंकवाची पुडी पर्समध्ये टाकली.

तुमचा गुडघा कसा आहे? आई तुमच्या सुतारकामाच्या दुकानातली करवत विकायचं म्हणत होती. एवढ्यात नको. पत्र पोचेल तोवर दसरा होऊन गेला असेल, तरी एकदा दुकान उघडा आणि माझ्या नावानं करवतीला कुंकवाचं बोट लावा.

तुमची,
आसावरी