काट्याकडं बघू नको

दहिवडी,
रविवार

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिताना पेन अडखळलं. शाळेत पत्रलेखनाला पाच मार्क असायचे आणि 'प्रिय' विसरलं की बाई अर्धा मार्क कापायच्या, त्या सवयीनं लिहिलंय. बाकी सगळं मनापासून आहे. फोन का केला नाही, असं तुला वाटेल. अकरा वर्षांपूर्वी मी तुला एक फोन केला होता, तो तुला आलाच नाही असं तू सांगितलंस. हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतेय, पोचल्याची सही तुलाच करावी लागेल.

बातमी अशी, की आपला जुना ट्रॅक्टर मी कडेगावहून इकडं सासरी आणला. तू नको म्हणत होतास तरी आणला. अकरा वर्षं तो गोठ्यामागं उभा होता. त्याच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. त्याची कुणाला अडचण नव्हती, तुलाच तेवढी घाई. दर सुट्टीत आबांच्या मागं टुमणं, भंगारात घाला, खोलत बसू नका, आत काही राहिलं नाही. मला वाटायचं, मिलिटरीच्या वर्कशॉपमधला हवालदार, त्याला गंजलेलं लोखंड डोळ्यांसमोर नको होत असेल. किती भोळी मी!

आमचे हे मुंबईला माथाडीत, इथली दहा एकर कोरडवाहू माझ्याच गळ्यात. भाड्याचा ट्रॅक्टर येईपर्यंत ओल उडून जाते. म्हणून आबांकडं मागितला. आबा म्हणाले, "ने की, पर तो चालायचा न्हाई गं आता." आणि मग स्वतःच मागोमाग आठ दिवसांसाठी आले. चौऱ्याहत्तर वय झालंय, पण मांडी घालून माझ्या शेजारी बसले, डिझेलच्या डब्यात ब्रश बुडवून एकेक बोल्ट घासत. दहिवडीचा गुंडा मिस्त्री खोलायला येतो. त्याची एक शिस्त आहे, आतला गाळ खरवडायला लोखंड लावू देत नाही. बांबूची कामटी तासून घ्यायची आणि तिनं हळूहळू सोडवायचा. खालचा बोल्ट काढला तर बराच वेळ एक थेंब पडेना. मग काकवीसारखं काळं काहीतरी लोंबायला लागलं आणि तिथंच थिजलं. आबांची सवय तुला ठाऊक आहे, ऑइल कमी झालं की वरून ओतायचं, जुनं कधी काढायचं नाही. ते बघून आबा खाली मान घालून म्हणाले, "ह्यो माझा उद्योग." बघ, या वयात माणूस आपली चूक कबूल करतो. जीभ झडत नाही त्यानं.

पण दादा, तो गाळ तर तू काढला होतास ना? त्या दिवाळीत तू सुट्टीवर आलास, तालमीतली पोरं गोळा केलीस आणि अंगणात इंजिन खोललंस. दोन दिवस गावभर तुझाच डंका. आबा येईल त्याला सांगत होते, पोरानं इंजिन आरशासारखं केलं, मिलिटरीचा हात हाय. मी चहाच्या किटल्या आणत होते. परवा इंजिनाच्या तळाचं ऑइलचं चेंबर खाली उतरवलं तेव्हा तुझा आरसा दिसला. पुढचा भाग पुसलेला, मागं बोटभर जाडीचा थर तसाच. दुसऱ्या दिवशी तुला विट्याला मित्रांकडं जायचं होतं, म्हणून घाईनं झाकण लावलंस. मला ती घाई आठवते. जेवायलासुद्धा थांबला नव्हतास.

आणि माघातला तो दिवसही आठवतो. उसाची ट्रॉली घेऊन मी कारखान्याकडं निघाले होते. पंधराव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवत होते, चार हंगाम ऊस वाहिला होता, त्या इंजिनाचा आवाज मी झोपेतही ओळखला असता. ऑइलचा काटा खाली यायला लागला. मी बाजूला घेऊन बंद केला आणि तुला फोन लावला. आबांना नाही लावला, तुला लावला, कारण इंजिन तू खोललं होतंस. तू म्हणालास, "काट्याकडं बघू नको, तो काटाच बिघडलाय. मी खोललंय न्हवं? चालव तू." मी चालवला. चढाला इंजिनानं दात खाल्ले आणि जागेवर जाम झालं. मागं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. ड्रायव्हर उतरून बघायला आले, बाई चालवतेय म्हटल्यावर हसले.

आबांना मी फोनचं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर तुला विचारलं. फोनचा आवाज मोठा होता, मी ऐकलं. "न्हाई आबा, मला कुठं फोन आला? आला असता तर बंदच कर म्हणलो असतो की." एवढंच. आबांनी फोन ठेवला आणि मला शिवीसुद्धा दिली नाही. म्हणाले, "पोरीच्या हातात इंजिन दिलं, ही माझी चूक." नवीन ट्रॅक्टर आला, त्याला ड्रायव्हर ठेवला, किल्ली आबांच्या करदोड्याला गेली. पुढच्या वर्षी मला उजवून टाकलं. अकरा वर्षं, दादा, मी माहेरी गेले की पावणेरावळे विचारतात, हीच का ती ट्रॅक्टर जाळणारी? तूही हसायचास त्यांच्यात. राखी बांधून घ्यायचास आणि हसायचास. तुझा राग येतो म्हणणं फार सौम्य झालं, मला तुझी किळस येते.

आता परवाचं. गुंडा मिस्त्रीनं ऑइल पंपाची जाळी काढून आबांच्या हातात दिली. पंप तिथूनच ऑइल ओढतो, ती बंद झाली की इंजिन कोरडं पडतं. जाळीला गाळाचा लगदा चिकटला होता. आबा कामटीनं सोडवायला लागले तर तो लांबट होऊन सुटला. ते फडकं होतं. आबांनी ते तीन पाण्यातून काढावं तसं तीन वेळा डिझेलमधून काढलं आणि कुंपणावर पसरलं. फाटक्या बनियनचा तुकडा. कोपऱ्यात टाक्यांचे आकडे, एक्केचाळीस शहात्तर. बराकीत कपडे एकमेकांत मिसळतात म्हणून तुझ्या प्रत्येक बनियनवर तुझ्या नंबराचे शेवटचे चार आकडे मीच लाल दोऱ्यानं भरून द्यायची. रंग गेलाय, टाके शाबूत आहेत. माझे टाके मला कळले आणि आबांनाही कळले.

मला वाटलं, आता आबा माझ्याकडं बघतील. काहीतरी म्हणतील. त्यांनी फडक्याची घडी केली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "धवल्याला बोलू नगंस. लाजंनं यायचा बंद हुईल. लांब असतो गं पोरगं." माझा हात धरून शपथ घ्यायला लावली. मी घेतली. माझ्याबद्दल एक शब्द नाही. दिवसभर बोल्ट घासत राहिले आणि संध्याकाळी गुंडा मिस्त्रीला सांगितलं, खंडेनवमीला माझा पोरगा येणार हाय, पूजा त्येच्या हातनं, नारळ त्योच फोडंल. माझ्या दारात, माझ्या ट्रॅक्टरवर!

ती शपथ मी आज मोडतेय, त्यासाठीच हे पत्र. तू खंडेनवमीला ये. आबा तुला जवळ घेतील, तेव्हा त्यांच्या छातीशी तुला एक घडी लागेल, ती तुझीच आहे. ते काही विचारणार नाहीत, मेले तरी विचारणार नाहीत. फडक्याचं तू बोलू नकोस, माफी माझ्याकडं मागू नकोस, मला ती नको. नारळ हातात घेतलास की फोडायच्या आधी चारचौघांत त्यांना एकच वाक्य सांग, "आबा, त्या दिवशी क्रांतीचा फोन आला होता." मग नारळ माझ्या हातात दे.

तुझीच बहीण, नाइलाजानं,
क्रांती