पाच लाख दहा हजार पाचशे अकरा

५ मार्च

बाबांनी आज स्वतःहून वही मागितली! विसरण्याचं दुखणं जडल्यापासून पहिल्यांदाच. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस – चार महिने नुसता भिंतीकडे बघत बसला होता.

दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा यांचा गुणाकार केला, वर एक मिळवला. ५१०५११. म्हणाले, "या सातांपैकी कुणानेही भाग, बाकी एकच. आता बघायचं, ही मूळ संख्या आहे की कुणी हिला फोडतं." सातशे नऊपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघणार – हाताने! तोवर कुणी फोडली नाही तर पुढेही कुणी फोडत नाही, म्हणे.

६ मार्च

एकोणीसला बाकी दहा. तेवीसला तीन. मग दमले.

७ मार्च

सहज मोबाईलवर करून पाहिलं. एकोणीसने पूर्ण भाग जातो! शेवटच्या पायरीला बाबांनी एकोणीस नव्वे एकशे एकसष्ट धरलेत. अख्ख्या वर्गाकडून तिसापर्यंतचे पाढे घोकून घेणारे बाबा.

गुपचूप वही मिटली.

९ मार्च

दादाला फोन केला. "सांगू नकोस. झाकली मूठ राहू दे. जेवतायत ना नीट?"

जेवतायत. आंघोळीलाही कुरकुर नाही.

१४ मार्च

एकसष्टपर्यंत आले. "ही मूळच निघणार बघ!" चेहरा असा उजळलेला – मला वर बघवेना. दुकानात एका गिऱ्हाइकाला खोकल्याऐवजी तापाचं औषध काढून दिलं. बरं झालं, त्यानेच वाचून परत केलं.

१५ मार्च

राहवलं नाही. चुकीचं उत्तर त्यांना कुणी गोड मानून घ्यायला लावलेलं खपलं नसतं. म्हटलं, "बाबा, एकोणीसचा एकदा बघता?"

वहीचं पहिलं पान काढलं. ओठ हलले – "एकोणीस नव्वे एकशे एकाहत्तर." मग एका दमात पुढचं सगळं! १९ × ९७ × २७७. खाली सुवाच्य अक्षरात – विषम. संयुक्त. एकही घटक दोनदा नाही.

पेनाला टोपण लावलं. "माझा पाढा चुकला," एवढंच म्हणाले.

मी काय करून बसले!

१८ मार्च

वहीला हात नाही. ताट अर्धं तसंच. दादा म्हणाला, "तरी सांगत होतो."

२१ मार्च

दुकानातून आले तर बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. "या बाई, बसा. गणित चांगलं आहे हो तुमचं. माझ्या मुलीला शिकवाल? एक भागाकार चुकला म्हणून मी तिला वर्गासमोर मारलं. त्यानंतर तिने माझ्यापाशी वही आणली नाही. चूक माझी होती – तिला सांगायचं राहूनच गेलं."

मी म्हटलं, "सांगते तिला."